खांद्यालगतचा दंडाचा अस्थिभंग आणि शस्त्रक्रियेविना उपचार : एक विवेचन

प्रस्तावना :

घरातील वयस्क स्त्री न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर घसरते. तोल सावरण्यासाठी ती हात पुढे टेकते आणि खांद्यात अशी कळ येते की हात उचलेनासा होतो. रुग्णालयात काढलेल्या एक्स-रेमध्ये दंडाचे हाड खांद्याच्या अगदी खाली मोडलेले दिसते. अस्थिरोगतज्ज्ञ चित्र पाहून, हात तपासून सांगतात, की शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही. हात झोळीत ठेवा आणि आठवड्याने पुन्हा दाखवा. अशा वेळी सुशिक्षित कुटुंबातही समाधानापेक्षा शंकाच अधिक निर्माण होते. हाड मोडले असताना प्लास्टरसुद्धा का घातले नाही? तुकडे जागेवरून सरकलेले चित्रात दिसत असताना ते बसवले का नाहीत? वय झाले म्हणून तर टाळाटाळ होत नाही ना? मग तोच एक्स-रे घेऊन मंडळी दुसऱ्या रुग्णालयात जातात. तेथे शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर गोंधळात भरच पडते, कारण निर्णय काही दिवसांतच घ्यावयाचा असतो आणि त्यावर त्या स्त्रीच्या उजव्या हाताचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

या गोंधळाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. शस्त्रक्रिया म्हणजे उपचार आणि शस्त्रक्रिया नाही म्हणजे उपचार नाही, असे ते गृहीतक होय. खांद्यालगतच्या अस्थिभंगाच्या बाबतीत हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) खांद्यालगतच्या दंडाच्या अस्थिभंगाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचारामागील शास्त्रीय आधार आणि त्याचे टप्पे समजून घेणे.
३) शस्त्रक्रिया व शस्त्रक्रियेविना उपचार यांची तुलना करणाऱ्या प्रमुख अभ्यासांचा आढावा घेणे.
४) या उपचाराच्या मर्यादा आणि कुटुंबीयांची भूमिका यांची चर्चा करणे.

अस्थिभंगाचे स्वरूप :

खांद्यापासून कोपरापर्यंत दंडात एकच हाड असते. त्यास भुजास्थी असे म्हणतात. त्याचे वरचे टोक चेंडूच्या अर्ध्या भागासारखे गोलाकार असून ते अंसफलकाच्या, म्हणजे पाठीवरील खांद्याच्या चपट्या हाडाच्या, उथळ खोबणीत टेकलेले असते. या गोलाकार शीर्षाच्या बाजूला एक मोठा आणि एक लहान असे दोन उंचवटे असतात. खांदा फिरवणाऱ्या चार स्नायूंचे बंध या उंचवट्यांवर येऊन चिकटतात. उंचवट्यांच्या खाली हाड एकदम निमुळते होते. हाच भाग मोडण्यास सर्वांत सोपा असतो. शस्त्रक्रियातज्ज्ञांच्या व्यवहारात त्याला भुजास्थीची ‘शस्त्रक्रियात्मक मान’ असे नाव पडले आहे. नाव असे असले तरी तेथील प्रत्येक भंगाला शस्त्रक्रिया लागते असा त्याचा अर्थ नाही.

प्रौढांमधील एकूण अस्थिभंगांपैकी सुमारे ५ ते ६ टक्के भंग या भागात होतात. उतारवयात खुबा आणि मनगट यांच्या खालोखाल या भंगाचा क्रमांक लागतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळते. रजोनिवृत्तीनंतर हाडांतील खनिजांची घनता झपाट्याने घटते, हे त्याचे प्रमुख कारण होय. तरुणांत हा भंग वाहनाच्या अपघातासारख्या मोठ्या आघातानेच होतो. वयस्कांत मात्र उभ्या उंचीवरून पडणेही त्यास पुरेसे ठरते.

भंग झाल्यावर तुकडे कोणत्या दिशेला सरकतील, हे बहुतांशी स्नायूंच्या ओढीवर ठरते. छातीचा मोठा स्नायू हाडाचा खालचा भाग आतल्या बाजूस ओढतो, तर खांद्याचे फिरवणारे स्नायू मोठ्या उंचवट्याला वर व मागे खेचतात. मात्र अनेक रुग्णांत हाडावरील आवरण आणि स्नायूंचे बंध अखंड राहतात आणि ते तुकड्यांना एकत्र धरून ठेवतात. काही वेळा खालचा तुकडा वरच्या तुकड्यात रुतून बसतो. असा रुतलेला भंग मुळातच बराचसा स्थिर असतो.

वर्गीकरणाची परंपरा : कॉडमन आणि नीर

या विषयाच्या इतिहासात बोस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट एमरी कॉडमन (१८६९–१९४०) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. खांद्यावरील आपला ग्रंथ त्यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. भुजास्थीचे वरचे टोक मोडते तेव्हा ते साधारणतः शीर्ष, मोठा उंचवटा, लहान उंचवटा आणि खालचा दांडा अशा चार भागांत विभागले जाते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९७० मध्ये न्यूयॉर्क येथील चार्ल्स नीर यांनी याच चार भागांवर आधारित वर्गीकरण मांडले. त्यानुसार एखादा भाग मूळ जागेपासून १ सेंटिमीटरहून अधिक सरकला असेल किंवा ४५ अंशांहून अधिक कलला असेल, तरच तो ‘विस्थापित’ मानला जातो. भंगाच्या कितीही रेषा दिसत असल्या, तरी एकही भाग या मर्यादेपलीकडे गेला नसेल, तर तो ‘एकभागी’ भंग ठरतो. असे एकभागी भंग शस्त्रक्रियेविना बरे करावेत, याविषयी तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. खरा वाद आहे तो विस्थापित भंगांविषयी.

कॉडमन यांचे दुसरे कार्य या वादाशी अधिक जवळून संबंधित आहे. उपचार केलेल्या प्रत्येक रुग्णाचा पुढे पुरेसा काळ पाठपुरावा करावा आणि अखेरीस त्याला काय लाभले, याची नोंद ठेवावी, असा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. यास त्यांनी ‘अंतिम परिणामा’ची कल्पना असे म्हटले. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात ३३७ रुग्णांवर झालेल्या उपचारांतील १२३ चुका त्यांनी जाहीर केल्या होत्या. समकालीनांना ही वृत्ती रुचली नाही. मात्र खांद्याचा अस्थिभंग शस्त्रक्रियेने बरा होतो की तिच्याविना, या प्रश्नाचे उत्तर अखेर त्यांनी सांगितलेल्या मार्गानेच शोधावे लागले.

शस्त्रक्रियेविना हाड जुळते कसे?

हाड जोडण्याचे काम पट्टी, प्लेट किंवा स्क्रू करीत नाहीत. ते शरीरच करते. भंगाच्या जागी प्रथम रक्त साकळते. त्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या व पेशी शिरतात आणि दोन ते तीन आठवड्यांत तुकड्यांभोवती मऊ, चिवट जोड तयार होतो. पुढे त्यात खनिजे साचून सुमारे सहा ते बारा आठवड्यांत तो कठीण होतो. भुजास्थीचे वरचे टोक आतून जाळीदार असून त्याला रक्तपुरवठाही चांगला असतो, त्यामुळे तेथील भंग सहसा जुळून येतो. वैद्याचे काम या प्रक्रियेला अनुकूल परिस्थिती निर्माण करणे एवढेच असते.

भारतीय वैद्यकपरंपरेला ही दृष्टी अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. मोडलेला भाग ताणणे, दाबून बसवणे, जुळवणे आणि बांधणे असा क्रम त्यात सांगितला आहे. बंध सैल असल्यास हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असल्यास सूज व वेदना उत्पन्न होतात, असा इशारा तेथे आढळतो. बंध सोडून पुन्हा बांधण्याचा काळ ऋतूनुसार वेगळा सांगितला आहे. पूर्ववयात हाड एका महिन्यात स्थिर होत असेल, तर मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, हे त्यातील निरीक्षण तर आजही विचार करण्यासारखे आहे.

तथापि दंडाच्या मध्यभागी किंवा पायाच्या नळीला बांबूच्या कामट्या बांधता येतात, तशा त्या खांद्यालगत बांधता येत नाहीत. कामटीला भंगाच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे आधार लागतो. येथे वरचा तुकडा सांध्याच्या आत असतो. प्लास्टर न घालण्याचे कारणही हेच आहे. उलट वजनदार प्लास्टरच्या ओझ्याने तुकडे एकमेकांपासून दूर ओढले जाण्याचा धोका संभवतो. म्हणून येथे झोळी पुरेशी मानली जाते.

याशिवाय खांद्याच्या रचनेतच एक सवलत आहे. शरीरातील सर्वाधिक हालचाल करणारा हा सांधा आहे. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या सुमारे १८० अंशांच्या हालचालीपैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश भाग भुजास्थीच्या सांध्यात आणि एक तृतीयांश भाग पाठीवरील अंसफलकाच्या सरकण्यातून साधला जातो. त्यामुळे हाड थोडे वाकडे जुळले, तरी उरलेली हालचाल दैनंदिन कामांना पुष्कळदा पुरते. गुडघ्याप्रमाणे या सांध्यावर चालताना शरीराचा भारही पडत नाही. म्हणूनच एक्स-रेमध्ये ओबडधोबड दिसणारा खांदा प्रत्यक्षात वेणी घालू शकतो आणि जेवणाचा घास तोंडापर्यंत नेऊ शकतो.

उपचाराचे टप्पे :

शस्त्रक्रियेविना उपचार म्हणजे केवळ वाट पाहणे नव्हे. त्यात विश्रांती आणि हालचाल यांचे वेळापत्रक असते. भंगाच्या प्रकारानुसार ते डॉक्टर ठरवतात. त्याची सर्वसाधारण रूपरेषा पुढीलप्रमाणे मांडता येईल.

पहिला टप्पा – पहिला आठवडा : या काळात वेदना कमी करणे आणि हात आधारावर ठेवणे ही उद्दिष्टे असतात. बोटांना सूज येण्यापूर्वीच अंगठ्या व बांगड्या काढून ठेवाव्यात. आडवे झोपल्यावर वेदना वाढत असल्याने पाठीशी तक्क्ये लावून अर्धवट बसून झोपणे सोयीचे ठरते; दंड मागे पडू नये म्हणून त्याखाली लहानशी उशी ठेवतात. चार-सहा दिवसांत दंडावर, कोपरापर्यंत आणि छातीच्या बाजूलाही काळेनिळे डाग उतरतात. हाडातून झालेला रक्तस्राव गुरुत्वाकर्षणाने खाली आल्याने असे घडते. एरवी त्याने घाबरून जाण्याचे कारण नसते. बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल मात्र पहिल्या दिवसापासून करावयाची असते, अन्यथा खांद्याबरोबर हे सांधेही आखडतात. वेदनाशामक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत; मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा विकार असलेल्या वृद्धांना काही वेदनाशामके अपायकारक ठरतात.

दुसरा टप्पा – दुसरा ते सहावा आठवडा : साधारणतः आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढून तुकडे अधिक सरकले नाहीत ना, हे पाहतात. स्थिती स्थिर असल्यास लोलकाचा व्यायाम सुरू होतो. रुग्ण निरोगी हाताने टेबलाचा आधार घेऊन कमरेत पुढे वाकतो, दुखरा हात सैल सोडतो आणि शरीराच्या हलक्या झोक्याने त्याला घड्याळाच्या लंबकाप्रमाणे पुढेमागे व गोलाकार हलू देतो. यात खांद्याचे स्नायू हात उचलत नाहीत, गुरुत्वाकर्षणच तो लोंबता ठेवते. म्हणून भंगावर ताण न येता सांधा मोकळा राहतो. हा व्यायामही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. यानंतर निरोगी हाताच्या किंवा काठीच्या मदतीने दुखरा हात वर नेण्याचे व्यायाम येतात. झोळीचा वापर हळूहळू कमी केला जातो.

तिसरा टप्पा – सहाव्या आठवड्यानंतर : हाड जुळू लागल्याची खूण एक्स-रेमध्ये दिसल्यावर रुग्णाने स्वतःच्या शक्तीने हात उचलावयाचा असतो. भिंतीवरून बोटे वर चढवत नेण्याचा व्यायाम घरी सहज करता येतो. सुमारे बारा आठवड्यांनंतर स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम दिले जातात. बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते; मात्र ती वर्षभरही चालू राहू शकते. यास्तव तिसऱ्या महिन्यात हात पूर्ण वर जात नाही म्हणून उपचार फसला, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

हालचाल किती लवकर सुरू करावी, याविषयीही अभ्यास झाले आहेत. इंग्लंडमधील शेफील्ड येथे ८६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. फारसे न सरकलेले भंग असलेल्या या रुग्णांपैकी काहींचा व्यायाम आठवड्याभरातच सुरू केला गेला, तर इतरांना तीन आठवडे हात स्थिर ठेवण्यास सांगितले गेले. १६ आठवड्यांनंतर पहिल्या गटात वेदना कमी व कार्यक्षमता अधिक आढळली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एक आठवडा आणि तीन आठवडे हात स्थिर ठेवलेल्या रुग्णांत लक्षणीय फरक दिसला नाही. योग्य रुग्णात लवकर हालचाल केल्याने अपाय होत नाही, एवढे यावरून म्हणता येईल. दीर्घकाळ हात बांधून ठेवणे म्हणजे अधिक काळजी घेणे, ही समजूत मात्र त्यामुळे मागे पडते.

तुलनात्मक अभ्यासांचे निष्कर्ष :

स्क्रू ज्यात पक्के बसतात अशा खास प्लेट २००० नंतरच्या काळात प्रचारात आल्या आणि ठिसूळ हाडातही तुकडे धरून ठेवणे शक्य झाले. साहजिकच वृद्धांमधील शस्त्रक्रियांचे प्रमाण अनेक देशांत वाढले. शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे निश्चितच अधिक सुबक दिसतो. परंतु सुबक चित्र म्हणजे उपयोगी हात काय, या प्रश्नाचे उत्तर एक्स-रेवरून मिळू शकत नव्हते.

त्यासाठी ब्रिटनमध्ये ‘प्रोफर’ या नावाने ओळखली जाणारी यादृच्छिक चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. विस्थापित भंग असलेल्या २५० रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली गेली. एका गटावर प्लेट बसवणे किंवा कृत्रिम शीर्ष बसवणे यांसारखी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटाला झोळी आणि व्यायाम देण्यात आले. रुग्णांचे सरासरी वय ६६ वर्षे होते आणि त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या. दोन वर्षे पाठपुरावा करून प्रत्येक रुग्णाला वेदना व दैनंदिन कामे यांविषयी प्रश्न विचारले गेले. ४८ गुणांच्या मापनपट्टीवर शस्त्रक्रियेच्या गटाला सरासरी ३९.०७ आणि शस्त्रक्रियेविना उपचार झालेल्या गटाला ३८.३२ गुण मिळाले. हा फरक एका गुणापेक्षाही कमी असून रुग्णाच्या अनुभवाच्या दृष्टीने तो नगण्य आहे. पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही चित्र बदलले नाही.

फिनलंडसह उत्तर युरोपातील देशांत साठ वर्षांवरील ८८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही द्विभागी भंगांत प्लेट बसवल्याचा अधिक लाभ दोन वर्षांनंतर आढळला नाही. कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये या विषयावरील ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. बहुतांश विस्थापित भंगांत एक व दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेमुळे अधिक चांगला परिणाम मिळत नाही, असा त्याचाही निष्कर्ष आहे.

या अभ्यासांचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट असा होत नाही. दोन्ही मार्गांनी रुग्ण जवळपास सारख्याच ठिकाणी पोहोचतो, असा तो अर्थ आहे. मात्र तेथे पोहोचण्याची किंमत दोन्हीकडे सारखी नसते. भूल, जंतुसंसर्ग, स्क्रू सांध्यात शिरणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे हे धोके एकाच मार्गावर असतात. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत हा विचार निर्णायक ठरू शकतो.

मर्यादा आणि अपवाद :

वरील निष्कर्ष सर्व रुग्णांना सरसकट लागू करणे चुकीचे ठरेल. भंगासोबत सांधाही निखळलेला असणे, हाड त्वचा फाडून बाहेर येणे, मुख्य रक्तवाहिनीस इजा होणे किंवा शीर्षाचेच दोन तुकडे होणे अशा परिस्थितीत शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो. ज्यांना शस्त्रक्रिया स्पष्टपणे आवश्यक होती, अशा रुग्णांना ‘प्रोफर’ चाचणीत समाविष्टच केले नव्हते. तरुण, कष्टाचे काम करणाऱ्या व्यक्तीत मोठा उंचवटा बराच सरकलेला असल्यासही निर्णय वेगळा होऊ शकतो. उलट रचनेचा कृत्रिम सांधा अलीकडे गुंतागुंतीच्या भंगांसाठी वापरला जातो. जुन्या चाचण्यांचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. स्पेनमध्ये ८० वर्षांवरील ५९ रुग्णांत असा सांधा आणि शस्त्रक्रियेविना उपचार यांची तुलना झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षाअखेर सांध्याचा लाभ अल्पच आढळला. परंतु एवढ्या लहान अभ्यासावरून अंतिम मत बनवता येत नाही.

शस्त्रक्रियेविना उपचारही निर्दोष नाही. काही रुग्णांत हाड वाकडे जुळते, खांदा आखडतो किंवा हाड जुळतच नाही. एडिनबरा येथील २,२३० रुग्णांच्या पाहणीत सुमारे १० टक्के रुग्णांत हाड जुळले नसल्याचे २०२१ मध्ये नोंदवले गेले. तुकडे एकमेकांपासून फार सरकलेले असणे आणि धूम्रपान या गोष्टींनी हा धोका वाढतो. म्हणूनच पाठपुराव्याचे एक्स-रे टाळता कामा नयेत. हाड न जुळल्यास पुढे शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग खुला असतो. तो वेळीच स्वीकारता यावा, यासाठी लक्ष ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे.

काही लक्षणे तातडीची मानावीत. बोटे थंड किंवा फिकट पडणे, हाताला मुंग्या येऊन संवेदना जाणे, दंडाच्या बाहेरील बाजूस बधिरपणा येणे, वेदना सतत वाढत जाणे यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. खांद्याला वळसा घालून जाणाऱ्या मज्जातंतूला भंगाच्या वेळी ताण बसू शकतो. बहुतेक वेळा तो आपोआप सुधारतो. परंतु त्याची तपासणी व नोंद होणे आवश्यक असते.

कुटुंबाची भूमिका आणि प्रचलित समजुती :

शस्त्रक्रियेत बहुतेक काम शल्यचिकित्सक करतो. शस्त्रक्रियेविना उपचारात ते काम रुग्णाला आणि घराला करावे लागते. कपडे घालताना दुखरा हात प्रथम घालावा व काढताना शेवटी काढावा. पुढून उघडणारे, सैल कपडे वापरावेत. काखेत घाम साचून त्वचा खराब होऊ नये म्हणून रुग्णाला किंचित पुढे वाकवून काख पुसून कोरडी ठेवावी, अशा साध्या गोष्टींनी हे सहा आठवडे सुसह्य होतात. जमिनीवरील अंथरुणातून हाताचा रेटा देऊन उठावे लागते. म्हणून काही काळ पलंग किंवा उंच खुर्ची वापरणे हिताचे असते.

ग्रामीण भागाप्रमाणेच शहरांतही हाड बसवणाऱ्यांकडे जाण्याची प्रथा टिकून आहे. त्यामागे खर्चाची भीती असते, शस्त्रक्रियेचे भय असते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वासही असतो. तेथे जाणारा रुग्ण शस्त्रक्रियेविना उपचारच शोधत असतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु एक्स-रेशिवाय भंगाचा प्रकार ओळखता येत नाही, जोराने चोळल्यास तुकडे अधिक सरकतात आणि घट्ट पट्टीने रक्तप्रवाह थांबल्यास हात गमावण्याची वेळ येऊ शकते. रुग्णालयातही शस्त्रक्रियेविना, तुलनेने अल्प खर्चात उपचार होतात, ही माहिती समाजात पोहोचली तर असे अनेक प्रसंग टळू शकतील.

दुसरी समजूत याच्या नेमकी उलट आहे. दुखतो म्हणून हात अनेक महिने झोळीतच ठेवला जातो. प्रेमापोटी सुना-मुली वृद्धेला कोणतेही काम करू देत नाहीत. परिणामी हाड जुळते, पण खांदा गोठतो. डॉक्टरांनी अनुमती दिल्यानंतर स्वतःच्या हाताने जेवणे, केस विंचरणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे वृद्धेला करू देणे हाही उपचारच होय.

याहून महत्त्वाचा प्रश्न पुढील पडण्याचा आहे. साध्या पडण्याने मोडलेला खांदा हा हाडांच्या ठिसूळपणाचा, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिसचा इशारा असतो. वृद्ध स्त्रियांविषयीचा एक अमेरिकन अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या भंगानंतरच्या पहिल्या वर्षात खुबा मोडण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत पाच पटींहून अधिक असल्याचे त्यात आढळले. खुब्याचा भंग वृद्धांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून खांदा बरा होत असतानाच हाडांच्या घनतेची तपासणी, ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम यांचा विचार आणि गरजेनुसार हाडे बळकट करणारी औषधे याविषयी डॉक्टरांशी बोलावे. न्हाणीघरातील आधाराचा दांडा, रात्रीचा दिवा, घसरणारी पायपुसणी हटवणे, मोतीबिंदूची तपासणी आणि चक्कर आणणाऱ्या औषधांचा फेरविचार या गोष्टी खर्चिक नाहीत. परंतु दुसरा भंग टाळण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

निष्कर्ष :

१) खांद्यालगतचे, फारसे न सरकलेले भंग शस्त्रक्रियेविना बरे करणे हाच सर्वमान्य मार्ग आहे.
२) वयस्कांमधील बहुतांश विस्थापित भंगांतही एक ते दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेचा अधिक लाभ दिसून आलेला नाही, मात्र अपवादांचा निर्णय तज्ज्ञांनी रुग्ण पाहूनच घ्यावयाचा असतो.
३) झोळी हा उपचाराचा केवळ आरंभ आहे. वेळेवर सुरू झालेली व नियमित चालू ठेवलेली हालचाल हा त्याचा गाभा आहे.
४) उपचाराचे यश एक्स-रेच्या सुबकतेवरून नव्हे, तर हाताच्या उपयोगावरून मोजले पाहिजे.
५) भंगाच्या उपचाराबरोबरच हाडांच्या ठिसूळपणाचा उपचार आणि पडण्याचा प्रतिबंध झाला नाही, तर उपचार अपुरा राहतो.

समारोप :

प्रत्येक रुग्णाला अखेरीस काय लाभले, हे पाहण्याचा कॉडमन यांचा आग्रह आज वैद्यकशास्त्राने स्वीकारला आहे. कुटुंबांनीही तो स्वीकारण्यास हरकत नाही. ‘शस्त्रक्रिया करायची की नाही’ एवढाच प्रश्न डॉक्टरांना विचारून थांबू नये. ‘वर्षानंतर हा हात काय काय करू शकेल, दोन्ही मार्गांत धोके कोणते, आणि त्यासाठी घरी काय करावे लागेल’ असे विचारावे. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर ‘हात झोळीत ठेवा’ हा सल्ला कुटुंबाला दुर्लक्षासारखा वाटणार नाही. त्या सल्ल्यामागे पुढील वर्षभराचे काम आहे आणि त्यातील बरेचसे आपल्याला करावयाचे आहे, हे त्यांच्या ध्यानात येईल.